ताम्रपट, पदवी आणि व्याख्यानपीठ

अजिंठ्याच्या सोळा क्रमांकाच्या लेण्यात व्हरांड्याबाहेर डावीकडच्या भिंतीवर सत्तावीस ओळींचा एक शिलालेख आहे. पर्यटक त्याच्याकडे पाहत नाहीत, आणि त्यात त्यांचा दोष नाही. चित्रे पाहायला आलेला माणूस झिजलेल्या भिंतीपुढे किती वेळ थांबणार? हे लेणे कोरवून घेणारा वराहदेव हा वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री. त्याने आपल्या धन्याच्या घराण्याची वंशावळ या लेखात दिली आहे. पण ऊनपावसाने मधली अक्षरे गेली आहेत, आणि नेमकी गेलेली अक्षरे राजांच्या नावांची आहेत. हा लेख नीट लागायला विद्वानांना जवळजवळ ऐंशी वर्षे लागली. शेवटची मोठी दुरुस्ती झाली ती नागपुरात, १९४१ साली.

वाकाटकांचा इतिहास विदर्भात आता शाळेतल्या मुलांनाही थोडाफार ठाऊक असतो. तो आपल्यापर्यंत कसा आला, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. उमेदीची सगळी वर्षे हिशेबाच्या नोकरीत गेली. लिपी शिकलो ती जुन्या ग्रंथांतल्या ठशांवर भिंग धरून, घरी. त्यामुळे या इतिहासाइतकेच तो शोधणाऱ्या माणसांचे मला कुतूहल आहे. त्यांतल्या कोणाला पदवी होती, कोणाला नव्हती, कोणाला मान मिळाला आणि तो कशासाठी, हे मी पाहत आलो. त्यातून जे हाती लागले ते इथे मांडतो.

अजिंठ्याच्या या लेखाला पहिल्यांदा हात घातला तो डॉ. भाऊ दाजी लाड यांनी, १८६०च्या दशकात. ते मुंबईतले नामांकित वैद्य. रोगी तपासून उरलेल्या वेळात त्यांनी जे काम केले ते पाहून आज थक्क व्हायला होते. त्यांच्या हाताखाली जुनागढचा एक तरुण होता, भगवानलाल इंद्रजी. त्याचे कॉलेजशिक्षण झालेले नव्हते, इंग्रजीही बेताचेच होते. गिरनारच्या पायथ्याच्या शिळेवरची अक्षरे त्याला लहानपणापासून खुणावत होती आणि ती त्याने स्वतःच्या कष्टाने लावली. भाऊ दाजींनी त्याला देशभर लेखांच्या नकला घ्यायला पाठवले. पुढे भगवानलाल आपले लेख गुजरातीत लिहीत आणि ब्यूलरसारखे पंडित ते इंग्रजीत आणीत. त्या दोघांच्या कामातून १८८३ साली अजिंठ्याच्या लेखाचे नवे वाचन पुरातत्त्व खात्याच्या ग्रंथात छापले गेले. भगवानलालांना हॉलंडमधल्या लायडन विद्यापीठाने मानद डॉक्टरेट दिली. कॉलेजची पायरी न चढलेल्या माणसाला, समुद्रापलीकडच्या विद्यापीठाने, केवळ छापील काम पाहून! मानद पदवीचा मूळ अर्थ हाच असावा. ज्याने परीक्षा दिली नाही, पण ज्याच्या कामापुढे परीक्षा घेणाऱ्यांनाच बसावे लागेल, त्याला ती द्यायची.

आपल्याकडचा सध्याचा कायदाही तत्त्वतः वेगळे काही सांगत नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ मध्ये मानद पदवीची तरतूद आहे. कोणतीही परीक्षा न घेता, व्यक्तीचे कर्तृत्व आणि लोकसेवा पाहून ती द्यावी, आणि त्यासाठी व्यवस्थापन परिषद, अधिसभा व कुलपती या सगळ्यांची संमती लागावी, असा तिचा आशय आहे. चाळण्या भरपूर आहेत. चाळणीत काय ओतले जाते हा प्रश्न निराळा, आणि त्याचे उत्तर दरवर्षी दीक्षान्त समारंभाच्या बातम्यांतून वाचकांना मिळतच असते.

आता नागपूरकडे वळतो. इथे संशोधन विद्यापीठाच्या बरेच आधी आले. स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश मिशनरी १८४०च्या दशकात इथे आला. धर्मप्रसार हे त्याचे काम. पण टाकळीच्या परिसरातले जीवाश्म, नागपूरभोवतालचे खडक, गोंडांची गाणी आणि कथा, जे दिसेल ते तो टिपत गेला. एका खनिजाला त्याच्या नावावरून हिस्लोपाइट म्हणतात. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटजवळची शिळावर्तुळे पाहून परतताना नदीच्या पुरात तो बुडाला. त्याचे आदिवासींविषयीचे टिपण रिचर्ड टेंपलने १८६६ साली छापले. त्याच टाकळघाटला १९६८-६९ मध्ये नागपूर विद्यापीठाने उत्खनन केले. म्हणजे हिस्लॉपने पाहिलेल्या दगडांकडे विद्यापीठाचे लक्ष जायला शंभरावर वर्षे गेली. हे मी टोमणा म्हणून लिहीत नाही. दगड कुठे पळून जात नाहीत, आणि विद्यापीठच मुळी १९२३चे.

४ ऑगस्ट १९२३ रोजी नागपूर विद्यापीठ स्थापन झाले. सर बिपिन कृष्ण बोस हे पहिले कुलगुरू. त्याआधी हिस्लॉप कॉलेज (१८८३) आणि मॉरिस कॉलेज (१८८५) ही दोन्ही कॉलेजे आधी कलकत्ता आणि मग अलाहाबाद विद्यापीठाला जोडलेली होती. नागपूरच्या मुलाच्या पदवीवर दूरच्या शहराचे नाव असे. त्याच १९२३च्या मकरसंक्रांतीला विदर्भ साहित्य संघाचा जन्म झाला, अमरावतीला. एकाच वर्षी विद्यापीठ आणि साहित्य संघ, हा योगायोग असेल. पण शिकलेल्या वैदर्भीयांना आपली घरे आपणच बांधली पाहिजेत असे तेव्हा वाटू लागले होते, हे खरे. पैसाही इथल्याच मातीतून आला. कामठीचे रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण हे मँगनीजच्या खाणींचे मालक. १९३० साली ते गेले तेव्हा उपयोजित विज्ञानाच्या शिक्षणासाठी सुमारे ३५ लाख रुपये विद्यापीठाच्या नावे ठेवून गेले. त्यातून १९४२ साली लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्था उभी राहिली. त्या काळातले ३५ लाख!

इतिहास संशोधनाला असा कुबेर भेटला नाही. तिथे माणसेच भेटली. त्यांत पहिले नाव रायबहादूर हिरालाल यांचे. मूळचे कटनीचे, सरकारी नोकरीत एक्स्ट्रा असिस्टंट कमिशनर. दौऱ्यावर गेले की गावातल्या देवळांचे, शिळांचे लेख उतरवून घ्यायचे. मध्यप्रांत-वऱ्हाडातल्या कोरीव लेखांची त्यांची वर्णनात्मक यादी १९१६ साली निघाली आणि १९३२ साली तिची दुसरी आवृत्ती आली. आजही एखाद्या तालुक्यात काय आहे हे पाहायचे तर पहिल्यांदा हिरालालच उघडावे लागतात. रसेलबरोबर त्यांनी मध्यप्रांतातल्या जातीजमातींवर केलेले चार खंडही १९१६चेच. बुलढाण्याचे वकील यादव माधव काळे यांनी १९२४ साली ‘वऱ्हाडचा इतिहास’ आणि १९३४ साली ‘नागपूर प्रांताचा इतिहास’ लिहिला. यवतमाळला य. खु. देशपांडे यांनी वकिली सांभाळून ‘शारदाश्रम’ नावाची संशोधन संस्था उभारली. यांतला कोणीही विद्यापीठातला नोकरदार नव्हता.

विद्यापीठाच्या क्षेत्रातून पुढे आले ते वासुदेव विष्णु मिराशी. १३ मार्च १८९३ रोजी देवगड तालुक्यातल्या कुवळे गावी जन्म, आणि १९१९ पासून नागपूरच्या मॉरिस कॉलेजात संस्कृतचे प्राध्यापक. कालिदास शिकवणारा हा माणूस ताम्रपटांकडे वळला आणि मग अखेरपर्यंत तिथेच राहिला.

ताम्रपट म्हणजे काय, हे थोडे सांगतो, कारण त्याशिवाय पुढचे कळणार नाही. राजाने गाव किंवा जमीन दान दिली की त्याची सनद तांब्याच्या पत्र्यांवर कोरून दान घेणाऱ्याला देत. पत्र्यांना भोक पाडून कडीत ओवायचे आणि कडीला राजमुद्रा जडवायची. वाकाटकांच्या ताम्रपटातली अक्षरे चटकन ओळखता येतात. प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर लहानशी चौकोनी पेटी असते, म्हणून तिला पेटिकाशीर्षक लिपी म्हणतात. बहुतेक सनदांच्या आरंभी ‘दृष्टम्’ असा शब्द असतो. म्हणजे पाहिले, तपासले. आजच्या कचेरीतल्या शेऱ्यासारखाच. त्यानंतर वंशावळ, मग दानाचा तपशील, चतुःसीमा, सवलती, अटी, आणि दान हिरावून घेणाऱ्याला शाप.

हिशेबाच्या धंद्यातल्या माणसाला यातला तपशील सर्वांत गोड लागतो. अचलपूरजवळच्या चम्मकला सापडलेला दुसऱ्या प्रवरसेनाचा ताम्रपट घ्या. मधुनदीच्या काठचे चर्मांक नावाचे गाव, राजमापाने आठ हजार मापे जमीन, दान घेणारे एक हजार ब्राह्मण. त्यांपैकी नावे मात्र एकोणपन्नासच कोरली आहेत. पत्रा संपला की कोरणारा कंटाळला, कोण जाणे! पण खरी मौज अटींत आहे. या ब्राह्मणांनी राज्याविरुद्ध द्रोह करू नये, चोरी, खून, व्यभिचार करू नयेत, दुसऱ्या गावांशी भांडू नये. तसे केले तर राजाने जमीन काढून घेतली तरी ती चोरी ठरणार नाही. दीड हजार वर्षांपूर्वीच्या राजाने ही अट घालण्याची गरज का पडली असेल, याचा विचार वाचकांनीच करावा. वंशावळीतल्या स्तुतीपेक्षा अशा एका कलमातून त्या काळातला माणूस जास्त दिसतो.

आता १९३९ सालाकडे येतो. त्या वर्षी वाशीमला एक ताम्रपट उजेडात आला. आधीच्या कोणत्याही यादीत न बसणारा राजा त्यात होता, दुसरा विंध्यशक्ती. राज्याचे ३७वे वर्ष. सनद दिली ती वत्सगुल्म नगरातून, म्हणजे आजच्या वाशीममधून. दान दिलेले गाव नंदिकट भागातले, म्हणजे नांदेडकडचे. वंशावळ संस्कृतात आणि व्यवहाराचा भाग प्राकृतात, हेही विशेष. या ताम्रपटाची वार्ता पहिल्यांदा विद्वानांपुढे ठेवली ती य. खु. देशपांडे आणि डी. बी. महाजन यांनी. मिराशींनी त्यावर सविस्तर काम केले आणि त्यातून जे निघाले त्याने सगळी मांडणीच बदलली. पहिल्या प्रवरसेनाच्या सर्वसेन नावाच्या मुलाने वाशीमला स्वतंत्र राज्य उभे केले होते आणि विंध्यशक्ती हा त्या सर्वसेनाचा मुलगा. म्हणजे वाकाटकांची शाखा एक नव्हे, दोन. एक रामटेकच्या पायथ्याशी नंदिवर्धनाला, दुसरी वाशीमला.

ही किल्ली हातात आल्यावर मिराशी अजिंठ्याच्या त्या भिंतीकडे परत गेले. भाऊ दाजी, भगवानलाल, ब्यूलर या सगळ्यांना एकच घराणे ठाऊक होते. त्यामुळे झिजलेल्या जागी त्यांनी त्या घराण्यातल्या राजांची नावे बसवली होती. मिराशींनी दाखवले की उरलेल्या खुणा त्या नावांच्या नाहीत, तिथे सर्वसेन आहे आणि त्याच्या पुढे विंध्यसेन, म्हणजे वाशीमच्या ताम्रपटातला विंध्यशक्तीच. अजिंठ्याची लेणी कोरवणारा हरिषेण वाशीमच्या शाखेतला ठरला. हा निबंध १९४१ साली हैदराबादच्या पुरातत्त्व खात्याच्या ग्रंथमालेत निघाला. भिंत तीच, अक्षरे तीच. वाशीममधल्या एका ताम्रपटाने ती वाचता आली.

यात एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. आधीच्या तिघांचे वाचन चुकले म्हणून त्यांचे काम वाया गेले नाही. त्यांनी घेतलेले ठसे आणि लावलेली उरलेली वंशावळ नसती तर मिराशींना दुरुस्त करायला काही उरलेच नसते. आणि वाशीमचा ताम्रपट वेळेवर जाणकारांच्या नजरेस आला नसता तर मिराशीही तेच जुने वाचन पुढे शिकवत राहिले असते. १९३९ हे वर्षच तसे भाग्याचे. त्याच वर्षी मंगरुळपीर तालुक्यातल्या तऱ्हाळ्याला सातवाहनांच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी अशी पुराणांच्या याद्यांत नसलेली राजांची नावे त्यातून कळली. तीही मिराशींनीच प्रसिद्ध केली.

मिराशींच्या नावामागे पीएच.डी. नव्हती. १९४१ साली सरकारने त्यांना महामहोपाध्याय ही पदवी दिली, पुढे विद्यापीठांच्या मानद पदव्या आल्या, १९७५ साली पद्मभूषण मिळाले. पण माझ्या दृष्टीने त्यांच्या चरित्रातले सर्वांत बोलके आकडे दुसरेच आहेत. १९५० साली ते निवृत्त झाले. कलचुरी-चेदी संवताच्या लेखांचा त्यांचा महाग्रंथ निघाला १९५५ साली, म्हणजे बासष्टाव्या वर्षी. वाकाटकांच्या लेखांचा निघाला १९६३ साली, सत्तराव्या वर्षी. शिलाहारांच्या लेखांचा १९७७ साली, तेव्हा ते चौऱ्याऐंशी वर्षांचे होते. तीनही भारत सरकारच्या कोरीव लेखांच्या प्रसिद्ध मालेतले खंड. आजच्या गुणांकनाच्या तक्त्यात हे काम भरायचे म्हटले तर भरता येणार नाही, कारण निवृत्त माणसाला बढतीच मिळत नाही.

त्याहूनही मला मोलाची वाटते ती त्यांची दुसरी सवय. इंग्रजीत शोधनिबंध छापला की त्यातले सार ते मराठीत आणीत. ‘कालिदास’ हा त्यांचा ग्रंथ १९३४ साली आधी मराठीत आला, मग हिंदीत आणि फार नंतर इंग्रजीत. ‘वाकाटक नृपति आणि त्यांचा काळ’ हे पुस्तक मराठीत १९५७ साली निघाले, इंग्रजी महाग्रंथाच्या सहा वर्षे आधी! विदर्भ संशोधन मंडळाने त्यांचे मराठी लेख ‘संशोधन मुक्तावली’ या नावाने काढले आणि प्रत्येक भागाला ‘सर’ म्हटले. सर पहिला, सर दुसरा, असे. मी लिपी शिकलो ती या सरांवर. रद्दीच्या दुकानात मला त्यांतले दोन मिळाले होते. मालकाने ते मोत्यांच्या दागिन्यांचे पुस्तक समजून वेगळे काढून ठेवले होते.

लोकांसाठी लिहिण्याबोलण्याची ही रीत इथे नवी नव्हती. आपल्याकडे व्याख्यान ही संस्थाच आहे. पुण्याची वसंत व्याख्यानमाला १८७५ची. तिचे अनुकरण गावोगाव झाले. व्याख्यानाचा संशोधनाला फायदा दुहेरी असतो. वक्त्याला आपले म्हणणे संज्ञांच्या आड न लपता सांगावे लागते. आणि श्रोत्यांत कोणी तरी असा बसलेला असतो की ज्याच्या घरी, मळ्यात किंवा देव्हाऱ्यात त्या विषयाचा तुकडा पडून आहे. ताम्रपट हे मुख्यतः असेच सापडले आहेत. चंद्रगुप्त विक्रमादित्याची मुलगी प्रभावतीगुप्ता वाकाटकांच्या घरात दिली होती, हे ज्या ताम्रपटाने निर्विवाद ठरले तो विसाव्या शतकाच्या आरंभी पुण्यात मिळाला, आणि तो होता एका तांबट घराण्यात. तांबटाच्या घरी तांब्याचा पत्रा! तो वितळवून त्याची घागर झाली नाही, हे आपले नशीब. का. बा. पाठकांनी तो जगापुढे आणला. प्रभावतीचा दुसरा ताम्रपट रिद्धपूरचा, जिथे आता मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले आहे. तो रामगिरीच्या स्वामीच्या चरणांपासून दिलेला आहे.

या रामगिरीवरून झालेला वाद व्याख्यानपीठांवर फार गाजला. मेघदूतातला यक्ष जिथे शिक्षा भोगत होता तो रामगिरी म्हणजे रामटेक, हे मिराशींनी हिरिरीने मांडले. वा. कृ. परांजपे यांनी सरगुजा भागातल्या रामगढच्या बाजूने तितक्याच जोराने उत्तर दिले. वादाचे मर्म मेघाच्या वाटेत आहे. काव्यातला आम्रकूट कोणता आणि तो वाटेत कुठे येतो यावर बरेच अवलंबून आहे. ताम्रपटांची साक्ष रामटेककडे झुकते. १९८०च्या दशकात रामटेकच्या केवल-नरसिंह मंदिरात भिंतीवरच्या लेपाखालून वाकाटककालीन लेख निघाला, त्याने त्या जागेचे महत्त्व आणखी पक्के झाले. माझा कलही रामटेककडेच आहे. पण ‘कल आहे’ आणि ‘सिद्ध झाले आहे’ यांत अंतर असते. रामटेकला कालिदासाचे स्मारक झाले, महोत्सव भरू लागला, १९९७ साली कालिदासाच्या नावाचे संस्कृत विद्यापीठ निघाले, आणि हे अंतर पुसले गेले. परांजप्यांचा प्रश्न आज कोणी विचारत नाही. कोणी व्याख्यानात विचारला तर श्रोते त्याला परगावचा समजतात. मानसन्मानाची ही एक किंमत असते. ज्या मताचा सत्कार झाला ते पुन्हा तपासायला कोणी धजत नाही. मिराशी स्वतः ब्यूलरला तपासायला धजले, म्हणून तर आपण आज त्यांचे नाव घेतो.

मिराशींनंतर विद्यापीठातल्या प्राचीन इतिहास विभागात चांगली वर्षे आली. शां. भा. देव यांच्या काळात पवनार (१९६७), टाकळघाट-खापा, पवनी (१९६९-७०), माहूरझरी (१९७०-७२) अशी उत्खनने एकामागून एक झाली, आणि मुख्य म्हणजे त्यांचे अहवाल एकदोन वर्षांत छापून निघाले. पुरातत्त्वात ही गोष्ट किती दुर्मीळ आहे हे जाणकारांना सांगायला नको. पुढे नायकुंडला लोखंड गाळण्याची भट्टी सापडली. कुही तालुक्यातल्या मांढळला वाकाटककालीन शैव मूर्ती मिळाल्या, ताम्रपट मिळाले. अजयमित्र शास्त्री यांनी हे नवे ताम्रपट लावले आणि मिराशींच्या कालक्रमातल्या काही जागा बदलल्या. हॉलंडचे हान्स बाकर रामटेकला येऊन काम करून गेले, त्यांचा वाकाटकांवरचा ग्रंथ १९९७चा. गेल्या दशकात नगरधनच्या उत्खननात प्रभावतीगुप्तेची मातीची मुद्रा मिळाली. कुलगुरूपदावर बसूनही संशोधन न सोडणाऱ्या वि. भि. कोलत्यांचेही इथे स्मरण केले पाहिजे. १९६६ ते १९७२ ते कुलगुरू होते आणि त्यांनी सिद्ध केलेले ‘लीळाचरित्र’ १९७८ साली निघाले. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

सध्याचे चित्र मिश्र आहे. चांगले आधी सांगतो. २००९च्या नियमांपासून पीएच.डी.चे प्रबंध संगणकावर ठेवणे बंधनकारक झाले. त्यामुळे माझ्यासारख्याला घरबसल्या ते वाचता येतात. पूर्वी एका प्रबंधासाठी ग्रंथालयाच्या बाकावर आठवडा काढावा लागे, तोही ओळखीने. पण वाचता येऊ लागले म्हणूनच हेही दिसले, की प्रबंधामागून प्रबंध त्याच दहा पुस्तकांवरून तयार होतात. ज्याने ताम्रपट प्रत्यक्ष हातात घेतला आहे असा विद्यार्थी क्वचित भेटतो. दोष मुलांना देऊन चालणार नाही. नियमाप्रमाणे प्राध्यापकाकडे एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चार संशोधक विद्यार्थी असू शकतात. आठ जणांना लिपी शिकवायची, गावे फिरवायची, तर मार्गदर्शकाला स्वतःचे काही उरेल का? आणि पदवीवर नोकरी अवलंबून असताना विद्यार्थी गावे फिरेल का? नोंदणीसाठी पदव्युत्तर परीक्षेत ५५ टक्के गुण लागतात. भगवानलाल आज असते तर अर्जाच्या पहिल्याच रकान्यात अडले असते.

व्याख्यानांचे काय झाले ते सगळे पाहतातच. दोन तासांचा कार्यक्रम असतो. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ, प्रास्ताविक, परिचय, मनोगत, आणि वक्ता उभा राहतो तेव्हा शेवटची बस निघायची वेळ झालेली असते. एका कार्यक्रमात मी घड्याळ लावून पाहिले. सत्काराला पन्नास मिनिटे, व्याख्यानाला बावीस. प्रश्नोत्तरे वेळेअभावी रद्द. ज्या श्रोत्याच्या घरी ताम्रपट असू शकतो त्याने हात वर करायचा तो याच प्रश्नोत्तरांत. जानेवारी २०२३ मध्ये विद्यापीठाच्या शताब्दी वर्षात भारतीय विज्ञान काँग्रेसचे १०८वे अधिवेशन नागपुरात भरले तेव्हा शाळेतल्या पोरांनी प्रदर्शनाला जी गर्दी केली होती ती पाहता, ऐकणारे कमी झाले आहेत असे मला वाटत नाही.

आणि ऐकणाऱ्यांची गरज आहे, कारण वस्तू अजून निघत आहेत. विहिरी खोदल्या जातात, रस्ते रुंद होतात, जुने वाडे पडतात. जमिनीत मिळालेल्या वस्तूंना १८७८चा गुप्तनिधी कायदा लागू आहे. दहा रुपयांहून अधिक किमतीचे काही सापडले तर जिल्हाधिकाऱ्याला कळवावे लागते. सरकारला वस्तू ठेवून घ्यायची असेल तर मोबदला काय, तर तिच्या धातूची किंमत अधिक तिचा एक पंचमांश. ताम्रपटाचे वजन समजा दीड किलो. तांब्याच्या मोडीचा भाव आणि वर वीस टक्के! मोडवाला तोच भाव रोख देतो, चौकशी करत नाही आणि कचेरीच्या खेटाही घालायला लावत नाही. नागपूर जिल्ह्यातल्या एका गावात एका म्हाताऱ्या बाईंनी मला सांगितले होते, की सासऱ्यांच्या वेळी कडीत ओवलेले ‘तांब्याचे पोथीसारखे पत्रे’ घरात होते, नातीच्या लग्नात भांडी घेताना मोडीत दिले. त्यावर काय होते ते आता कोणालाच कळणार नाही. कदाचित आपल्याला माहीत असलेलेच दान असेल. कदाचित दुसरा वाशीमचा ताम्रपट असेल.

म्हणून वाचकांपैकी कोणाच्या घरी, शेजारी, गावच्या देवळात असे काही असेल तर थोडे व्यवहाराचे सांगतो. पत्रा चिंचेने किंवा राखेने घासू नका. हिरवा थर कुरूप दिसतो, पण त्याच्याखाली अक्षरे जपलेली असतात आणि घासताना तीच पहिल्यांदा जातात. कडी तोडू नका, राजमुद्रा तिलाच असते. फोटो घेताना मोबाइलचा दिवा समोरून टाकू नका. सकाळी किंवा संध्याकाळी खिडकीशी न्या, तिरपे ऊन पडेल असे धरा, दोन्ही बाजू घ्या, शेजारी एक पट्टी ठेवा. कुठे, कोणत्या थरात, आणखी कशाबरोबर सापडला ते त्याच दिवशी कागदावर लिहून ठेवा. तहसीलदारांकडे लेखी कळवा आणि पोच घ्या. नागपूरला १८६३पासून मध्यवर्ती संग्रहालय आहे, ज्याला आपण अजब बंगला म्हणतो. पत्रा हाताळायचा कसा हे तिथेही विचारता येते. माझ्याकडे लोक आणतात त्यांत बहुतेक वेळा देवाचे यंत्र असते, नाही तर एखादी भोसलेकालीन कागदी सनद. तीही आणावी. यंत्र आहे की सनद, हे पाहिल्याशिवाय कळत नाही.